वापरात नसलेला बाथटब काढून शॉवर करायचाय – सल्ला हवा

अबोली

नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला आमचा फ्लॅट आहे. इमारत १९९६ची, आम्ही चौथ्या मजल्यावर आणि वर अजून एक मजला. बेडरूमला लागून जे बाथरूम आहे त्यात बिल्डरने तेव्हाच बाथटब बसवून दिला होता. त्यात बसून आंघोळ कुणी करत नाही. बादल्या, पायपुसणी आणि पिळलेले कपडे ठेवायलाच तो वापरला जातो.

आता सासूबाई सांगलीहून कायमच्या आमच्याकडे राहायला येत आहेत. वय ७८, गुडघे दोन्ही दुखरे. ही खोली त्यांना द्यायची आहे. टबाची कड जमिनीपासून जवळजवळ गुडघ्याएवढी उंच आहे आणि शॉवर टबाच्या आतच, म्हणजे आंघोळीला रोज ती ओलांडून जायचं आणि ओल्या पायांनी परत यायचं. हे मला अजिबात नको आहे. टब काढून तिथे सपाट, बसून आंघोळ करता येईल असा शॉवर हवा.

दोन जणांना बोलावून विचारलं. एक म्हणाला, "टब उचलतो, टाइल लावतो, दोन दिवसांत मोकळे." दुसरा म्हणाला, सगळं बाथरूम खणावं लागेल. खरं काय? टबाखाली नेमकं काय असतं? खालच्यांकडे गळती होणार नाही याची खात्री कशी करायची? बाथरूम साधारण ८ फूट बाय ५ फूट आहे, टब ५ फुटांच्या भिंतीला लावलेला आहे.

चाळकरी

काढून टाका, आईंसाठी तेच योग्य. फक्त एक बघा. आमच्या भागात गुरुवारी पाणी बंद असलं की बरेच लोक टबात पाणी भरून ठेवतात. तुमच्याकडे तशी गरज असेल तर आधी वर माळ्यावर छोटी टाकी करून घ्या, नंतर ते काम निघालं की पुन्हा तोडफोड.

अबोली

सोसायटीची टाकी मोठी आहे, गुरुवारची अडचण येत नाही. पण माळ्यावरच्या टाकीचं लक्षात ठेवते, धन्यवाद.

साइटवाला

ताई, बांधकामांवर देखरेख करण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या काळातल्या इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घराच्या स्लॅबपेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो. आम्ही त्याला सनक म्हणतो. त्या खड्ड्यात आधी वॉटरप्रूफिंग, मग पाइप, मग विटांचे तुकडे भरून कोबा आणि त्यावर फरशी. टब बसवताना मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्याखाली फरशी लावलेलीच नसते. विटांचे टेकू देऊन त्यावर टब ठेवतात, पुढून अर्ध्या विटेची भिंत उचलतात आणि तिला टाइल चिकटवतात. आत काय चाललंय ते पुढची वर्षानुवर्षं कुणालाच दिसत नाही.

आणि आत काय चाललेलं असतं? टबाची कड भिंतीला जिथे टेकते तिथे पांढरं सिमेंट भरलेलं असतं. टबात माणूस उभा राहिला, पाणी भरलं की टब किंचित दबतो, रिकामा झाला की वर येतो. सिमेंटला ही हालचाल सहन होत नाही, तिथे केसाएवढी फट पडते. शॉवरचं पाणी भिंतीवरून ओघळत त्या फटीतून टबाच्या मागे जातं आणि खाली कोब्यात मुरतं. टब काढाल तेव्हा टेकूंना धरलेला पांढरा क्षार आणि ओली वाळू दिसेल. क्षार दिसला तर पाणी बऱ्याच काळापासून झिरपतंय असं समजा.

म्हणून "टब उचलतो, टाइल लावतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही सांगा. तो त्या ओल्या कोब्यावर नवी फरशी लावून निघून जाईल. वर छान दिसेल आणि पाणी खालीच राहील.

माझं स्पष्ट मत: आठ बाय पाचचं बाथरूम आहे, सगळं खणा. टबाची जागा तेवढी नव्याने वॉटरप्रूफ केली तर नव्या आणि १९९६च्या थराचा जो सांधा होईल तोच पहिला गळेल. कोबा पूर्ण काढा, स्लॅब उघडा करा, तारेच्या ब्रशने घासून धुवा. भेगा असतील तर आधी त्या भरा. लोखंडी सळई उघडी पडून गंजली असेल तर काम तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मिस्त्रीच्या भरवशावर वरून प्लास्टर मारू नका.

मग भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्याला मसाल्याची गोलाई द्यायची, आम्ही तिला वाटा म्हणतो. काटकोनी कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा थर ताणला जाऊन फाटतो, गोलाईवर तो सलग बसतो. त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती फायबरची जाळी दाबून बसवायची. भिंतींवर हा लेप सगळीकडे किमान फूटभर, आणि शॉवरच्या भिंतींवर डोक्याच्या वरपर्यंत.

लेप वाळला की पाणी भरून ठेवायचं. कमीत कमी ४८ तास, जमलं तर ७२. पातळीची खूण पेन्सिलने भिंतीवर करा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. हे झाल्याशिवाय कोबा भरायचा नाही. कोबा भरल्यावर वरून पुन्हा लेप आणि पुन्हा पाणी. दुसऱ्या वेळेला मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या. फरशी लागल्यावर सापडलेली गळती फरशीसकट काढावी लागते.

रानवारा

वाचनखूण साठवली. एक शंका, टाइलच्या फटींत चांगलं ग्राउट भरलं तर पाणी खाली जाईलच कसं?

साइटवाला

@रानवारा, जातं. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, टाइलखालचा मसालाही पितो. टाइल आणि ग्राउट हा पहिला अडथळा आहे, पाणी अडवायचं काम खालच्या लेपाचं. ज्या घरात गळती झाली की नुसतं ग्राउट पुन्हा भरून घेतात तिथे पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओल परत येते, कारण मुरलेलं पाणी आतच असतं.

खालचा_मजला

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या वरच्या घरात बाथरूमचं काम झालं आणि काही महिन्यांत आमच्या बाथरूमच्या छताला पिवळे डाग पडले, मग पोपडे, मग थेंब. वरचे म्हणायचे, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. त्यांना खरंच कोरडं दिसत होतं. शेजारधर्म पार बिघडला, घरातल्या बायका एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या.

म्हणून कळकळीने सांगतो. काम सुरू करण्याआधी खालच्यांकडे स्वतः जा. त्यांच्या छताचे फोटो तारखेसह काढा, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आधीचे डाग असतील तर तेही दिसू देत. पाणी भरून ठेवाल तेव्हा त्यांना सांगून ठेवा की दोन-तीन दिवस छताकडे लक्ष ठेवा. याला पैसे लागत नाहीत आणि पुढचे कितीतरी वाद टळतात.

दुसरं, सोसायटीला लेखी अर्ज. घरात फेरबदल करायला समितीची परवानगी आदर्श उपविधींमध्ये सांगितलेलीच आहे. आणि वरच्या घरातल्या संडास-बाथरूममुळे खाली गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च सर्वसाधारणपणे त्या वरच्या सभासदावरच येतो, सोसायटीवर नाही.

अबोली

खालचा_मजला, तुमचा प्रतिसाद वाचून आजच खाली काकूंकडे जाऊन आले. त्यांच्या छताला एका कोपऱ्यात जुना फिकट डाग आहे, बरोब्बर आमच्या टबाच्या खाली! त्या म्हणाल्या, कधीचा आहे आठवत नाही, रंग देताना झाकून घेतो. साइटवाला म्हणतात ते खरं दिसतंय. आता पूर्ण खणायचंच ठरवलं. फोटो काढून ठेवले.

नळदुरुस्ती

आमचं हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे, म्हणून पाइपांचं लिहिते.

१९९६ म्हणजे भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असणार. आता आतून गंजून त्यांचं तोंड अर्ध्यावर आलेलं असतं. भिंत उघडली आहे तर सगळे बदला, गरम-थंड दोन्ही सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो. टाइल लावायच्या आधी हातपंपाने प्रेशर देऊन पाइप तपासून घ्या. काटा रात्रभर जागचा हलता कामा नये.

सांडपाण्याचं जास्त महत्त्वाचं. टबाचा निचरा साधारण दीड इंची पाइपने होतो. टबात पाणी साठलं तर बिघडत नाही, त्यासाठीच तो आहे. शॉवरच्या फरशीवर मात्र पाणी पडल्या पडल्या गेलं पाहिजे. जुन्या पाइपालाच नवी जाळी जोडू नका. नवा नहाणी ट्रॅप घ्या, त्याचं बाहेर जाणारं तोंड ७५ मिमीचं असू दे. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, त्या पाण्यानेच चेंबरचा वास आणि झुरळं अडतात. वास येतो म्हणून लोक सुगंधी गोळ्या टाकतात, पण मूळ कारण बहुतेक वेळा उथळ ट्रॅप हेच असतं.

शॉवर निवडताना वरच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंत उंची किती ते मोजा. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. चौथा मजला आणि वर एकच मजला म्हणजे तुम्हाला अर्ध्या बारच्या आसपास मिळेल. ताटाएवढा मोठा पावसाळी शॉवर त्यावर नुसता ठिबकेल. शोरूममध्ये पंप लावून दाखवतात, भुलू नका. लहान तोंडाचा साधा शॉवर आणि सरकत्या दांडीवरचा हँड शॉवर घ्या. बसून आंघोळ करणाऱ्या माणसाला खरा उपयोग हँड शॉवरचाच.

मावळतीचा_घाट

टब काढून देणाराच भंगारात घेऊन जाईल का? की आपण विकायचा?

नळदुरुस्ती

चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी किंवा पत्र्याचा, इनॅमल केलेला. भंगारवाला वजनावर घेईल. नाही चिकटला तर फायबर किंवा अॅक्रिलिक, त्याला भंगारात कुणी विचारत नाही, कापून तुकड्यांनी खाली न्यावा लागतो. ओतीव लोखंडाचा असेल तर शंभर किलोच्या वर भरू शकतो. जिन्यावरून अख्खा उतरवायच्या फंदात पडू नका, जागेवरच घणाने फोडतात. फोडताना डोळ्यांना चष्मा हवाच, इनॅमलच्या कपच्या काचेसारख्या उडतात.

अबोली

चुंबक चिकटला नाही. फायबर.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे अगदी हेच काम आम्ही वडिलांसाठी करून घेतलं, म्हणून इथलं थोडं सांगतो. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

इथली घरं लाकडी सांगाड्याची. टब ठरलेल्या मापाचा, ६० इंच बाय ३० इंच, तीन बाजूंना भिंत. त्याच मापाचे शॉवर पॅन, म्हणजे शॉवरचे तयार तळ मिळतात, त्यामुळे टबाच्या जागी शॉवर बसवणं हा इथे रोजचा प्रकार आहे. पण निचरा इथेही तोच मुद्दा: टबाला दीड इंची पाइप चालतो, शॉवरला दोन इंची लागतो. म्हणजे जमीन उघडावी लागते, टाउनशिपचं परमिट लागतं, इन्स्पेक्टर येऊन बघून जातो.

जाहिराती असतात, जुन्या टबावरच अॅक्रिलिकचं कवच चढवून एका दिवसात नवं बाथरूम. मला ते पटलं नाही. आमच्या टबाच्या मागचं ड्रायवॉल (भिंतीला लावलेला जिप्समचा पत्रा) हाताने दाबलं तर आत जात होतं, इतकं कुजलं होतं, खाली लाकडालाही काळी बुरशी. कवच चढवलं असतं तर ते सगळं तसंच राहिलं असतं आणि वडील त्यावर उभे राहिले असते.

एक गोष्ट मात्र भारतातही आवर्जून करावी अशी. इथे शॉवरला असा व्हॉल्व्ह लावावाच लागतो की घरात दुसरीकडे कुणी थंड पाण्याचा नळ उघडला तरी अंगावर एकदम कढत पाणी येत नाही. वर मर्यादा साधारण ४९ अंश सेल्सिअसची. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते आणि चटकन बाजूला व्हायला जमत नाही. अबोली, थर्मोस्टॅटिक मिक्सर मिळतो का बघा.

अबोली

हे अजिबात डोक्यात नव्हतं. नक्की बघते.

नळदुरुस्ती

मिळतो, साध्या डायव्हर्टरपेक्षा बराच महाग. शिवाय त्याला ठरावीक दाब लागतो, घ्यायच्या आधी खोक्यावर किमान दाब किती लिहिलाय ते वाचा. तेवढं जमणार नसेल तर गीझरचं तापमानच ५० अंशांच्या आत ठेवा. नव्या गीझरना खाली फिरकी असते. खर्च शून्य.

गवतीचहा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पडून खुब्याचं हाड मोडलेले ज्येष्ठ नागरिक आमच्याकडे येतात, आणि कुठे पडलात विचारलं की बाथरूम हे उत्तर फार वेळा येतं. त्यामुळे हा धागा बघून मनापासून बरं वाटलं. पडायच्या आधी विचार करणारी घरं कमी असतात.

आधारदांड्या. टॉवेल टांगायची दांडी ही आधारदांडी नाही. घसरताना माणूस सगळं वजन तिच्यावर टाकतो आणि ती भिंतीतून निघून येते. आधारदांडी निदान ११० ते १२० किलोचा झटका सोसेल अशी हवी. आडवी दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, आणि आत शिरायच्या जागी एक उभी. पण हे आकडे शेवटचे नाहीत. आईंना तिथे उभं करा, त्यांचा हात सहज जिथे जातो तिथे खडूने खूण करा आणि तिथे लावा.

भिंत कशाची आहे ते मिस्त्रीला विचारा. विटेच्या भिंतीत चांगला अँकर बसतो, हलक्या सिपोरेक्सच्या ठोकळ्यांत साधा रावळप्लग टिकत नाही, केमिकल अँकर लागतो. आत्ता भिंत उघडी आहे, दांडीच्या जागी काँक्रीटचा ठोकळा भरून घेता येईल.

बसायची जागा १७ ते १९ इंच उंच. प्लास्टिकचं स्टूल नको, ते साबणाच्या पाण्यात सरकतं. बांधीव कट्टा करा किंवा भिंतीला घट्ट बसणारी घडीची बैठक. साबण, हँड शॉवर, नळ हे सगळं बसल्या जागेवरून हाताला यावं. उठून वाकून साबण घ्यावा लागला तर बैठक असून उपयोग नाही.

फरशी खडबडीत. टाइल घेताना ती किती कमी घसरते ते सांगणारा आर १० किंवा आर ११ असा दर्जा लिहिलेला असतो तो बघा, आणि दुकानातच टाइलवर पाणी ओतून अनवाणी पाय ठेवून बघा. गुळगुळीत चकचकीत टाइल भिंतीवर शोभते.

आणि दार! बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार अडकतं आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी.

साइटवाला

दाराचं शंभर टक्के अनुमोदन. भर म्हणून एवढंच, शॉवरच्या तोंडाशी ग्रेनाइटची तीन इंची पट्टी उभी करा, म्हणजे पाणी बाहेर येणार नाही.

गवतीचहा

साइटवाला, आदर ठेवून असहमत. टबाची कड काढायची आणि तीन इंचांची नवी बसवायची? गुडघे दुखणारा माणूस पाय जेमतेम उचलतो, त्याला उंच अडथळ्यापेक्षा हा बुटका अडथळाच जास्त नडतो, कारण तो नजरेत भरत नाही. उद्या वॉकर किंवा चाकाची खुर्ची लागली तर तीच पट्टी पुन्हा फोडावी लागेल. तिथे काहीही नको, सलग सपाट.

साइटवाला

मग पाणी बेसिनपर्यंत येणार. सपाट फरशीवर पाण्याला कळत नाही कुठे थांबायचं.

नळदुरुस्ती

दोघांचंही जमेल. सनक स्लॅब आहे म्हणजे खाली भरपूर जागा आहे. शॉवरच्या आतल्या भिंतीलगत सलग लांब जाळी बसवा, चॅनल ड्रेन म्हणतात. सगळा उतार एकाच दिशेला, त्या जाळीकडे, फुटाला पाव इंच. शॉवरच्या अडीच फुटांत साधारण ०.६ इंच, म्हणजे जेमतेम सुपारीएवढा फरक, पायाला जाणवतही नाही. उरलेल्या बाथरूमलाही हलका उतार शॉवरकडेच द्या. आणि उतार एकाच दिशेला असल्यामुळे टाइल मोठी चालते. मध्ये गोल जाळी ठेवली की चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो, त्याला लहान टाइल्स कापून बसवाव्या लागतात.

साइटवाला

हे मान्य. मग वॉटरप्रूफिंग नुसतं शॉवरखाली नको, दारापर्यंत सगळीकडे हवं, आणि उंबरठ्यावरही लेप चढवून घ्या. फरशी लावायच्या आधी कोब्याचा उतार बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी कोब्यावरच नीट वाहायला हवं, टाइल कमी-जास्त मसाल्यावर लावून उतार काढायचा नाही.

रानवारा

एपॉक्सी ग्राउट घ्यावं का? आमचा मिस्त्री म्हणतो पैसे वाया.

नळदुरुस्ती

शॉवरच्या जागेत घ्या. पाणी पीत नाही, काळं पडत नाही. लावायला मात्र हात बसलेला माणूस हवा, सुकायच्या आत पुसलं नाही तर टाइलवर डाग कायमचे. ज्याने आधी केलेलं नाही तो नकोच म्हणणार.

साइटवाला

मी मात्र एपॉक्सीसाठी वॉटरप्रूफिंगच्या पैशांत हात आखडता घेऊ देणार नाही. दोन्ही जमत असेल तर उत्तम. एकच जमत असेल तर लेप.

मावळतीचा_घाट

साधारण खर्चाचा अंदाज कुणी देईल का?

साइटवाला

आकडा सांगून दिशाभूल करत नाही, गावागणिक आणि मालागणिक फरक पडतो. पण कोटेशन कसं मागायचं ते सांगतो. "बाथरूमचे एकूण इतके" असं उक्तं घेऊ नका. तोडफोड आणि राडारोडा उचलणं वेगळं, वॉटरप्रूफिंग चौरस फुटाने वेगळं, त्यात भिंतीवर किती उंचीपर्यंत ते लिहून. प्लंबिंग पॉइंटप्रमाणे, टाइलची मजुरी चौरस फुटाने. पाणी भरून तपासणी दोनदा, हे वाक्य कोटेशनमध्येच हवं. आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या तपासणीनंतर. राडारोडा कुठे टाकणार हेही विचारा, नाहीतर तो रात्री नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी जातो. शहराचं हे नुकसान आपल्याच घरातून होतं.

चाळकरी

अबोली, गीझर कुठला आहे? गॅसचा असेल तर हे वाचाच. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू राहिला की ज्वाला हवेतला ऑक्सिजन वापरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी गुंगतो आणि मग उठतच नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. काचेने बंदिस्त शॉवर केला आणि खिडकी छोटी असली की धोका वाढतो. गीझर बाहेर बाल्कनीत घ्या, आत फक्त पाइप.

अबोली

गॅसचाच होता! प्लंबरशी बोलले, बाल्कनीत नेतोय. हे कुणीच सुचवलं नव्हतं. खरंच आभार.

(काही आठवड्यांनी)

अबोली

काम झालं, म्हणून सगळं एकत्र लिहिते.

टब निघाला तेव्हा खाली अगदी साइटवाला म्हणाले तसंच होतं. चार टेकू, त्यांना हाताने खरवडून निघेल असा पांढरा थर, आणि भिंतीच्या बाजूची वाळू मुठीत धरली तर मुठीचा आकार राहील इतकी ओली. जुना नहाणी ट्रॅप एका बाजूने तडकलेला होता. सळई कुठे उघडी नव्हती.

कोबा सगळा काढला. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा खालच्या काकू रोज सकाळी फोन करून "कोरडं आहे गं" सांगायच्या. दुसऱ्या वेळी पातळी पेन्सिलच्या रेघेखाली सरकली. मिस्त्री म्हणाला उन्हाने आटलं, पण शेजारी पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं होतं, त्यातलं तेवढं कमी झालं नव्हतं. शोधल्यावर चॅनल ड्रेनच्या कडेला लेप सुटलेला सापडला. तिथे पुन्हा जाळी आणि दोन हात, पुन्हा पाणी, मग रेघ जागच्या जागी. त्यानंतरच टाइल लावू दिली.

पट्टी नाही, उंबरा नाही, सलग उतार. पाणी बेसिनकडे येत नाही. थर्मोस्टॅटिक मिक्सर आमच्या दाबावर चालणारा मिळाला नाही, साधा घेतला आणि बाल्कनीतल्या गॅस गीझरची फिरकी मंद करून ठेवली आहे. आधारदांड्यांची जागा सासूबाईंनीच ठरवली. एक दांडी आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा चार बोटं खाली आली. दार बाहेर उघडतं.

काच लावली नाही. बसलेल्या माणसाला बाजूने कुणी मदत करायची तर काच मध्ये येते, म्हणून पडदा.

गवतीचहा

पडद्याचा निर्णय अगदी बरोबर. पडद्याचा खालचा काठ जमिनीला लोळणार नाही एवढं बघा, पायात अडकतो.

साइटवाला

पातेल्याची युक्ती फार चांगली, आता मीही सगळ्यांना सांगणार. चॅनलची जाळी आठवड्यातून एकदा उचलून केस काढत जा. आणि बाहेरगावी जाल तेव्हा परत आल्यावर आधी तांब्याभर पाणी त्यात ओता, ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं.

रानवारा

अबोली, पडद्याची दांडी भिंतीत ठोकून घेतली की ताणून बसणारी? नव्या टाइलला भोक पाडायचं जिवावर येतंय.

अबोली

छताला लावली, दोन हुकांवर. शॉवरच्या भिंतीला आधारदांड्या सोडून एकही भोक नाही. दांड्यांच्या भोकांतही मिस्त्रीकडून सिलिकॉन भरून घेतलं, मगच स्क्रू पिळले. माप हवं असेल तर निरोप टाका, पडदा शिवून घेतलाय.